कंपनीच्या नावाचा मेल आणि ऑफिस: नऊ जणांसाठी नेमका कोणता प्लॅन घ्यावा?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंग मशीनिंगचं छोटं युनिट आहे. ऑफिसात नऊ माणसं: मी, धाकटा भाऊ, अकाउंट्सच्या मॅडम आणि त्यांची मदतनीस, परचेस, क्वालिटीचे दोघं, स्टोअर आणि डिस्पॅच. आजवरचा कारभार फुकटच्या जीमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर झाला. आता एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलंय की पुढच्या तिमाहीपासून कोटेशन, इन्स्पेक्शन रिपोर्ट, इन्व्हॉइस सगळं कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरूनच (म्हणजे @ नंतर कंपनीचं नाव असलेल्या पत्त्यावरून) यायला पाहिजे. डोमेन आहे. वेबसाइट करणाऱ्या पोराने मागे कधीतरी घेऊन दिलं होतं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं म्हणाल तर तीन मशीनवर २०१६ आहे, बाकीच्यांवर जे आहे त्याबद्दल न बोललेलं बरं :-)

एका विक्रेत्याने नऊच्या नऊ जणांना मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड असं कोटेशन दिलंय, वर्षाचे पैसे आगाऊ. आकडा बघून भाऊ म्हणाला, "एवढ्यात जुना सरफेस ग्राइंडर बघायला जाऊया की." दुसरा म्हणतो गूगल वर्कस्पेस घ्या. तिसरा झोहो. कुणी काय वापरता, का वापरता, आणि कुठे पस्तावलात ते सांगा.

ताकभात

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे.

खडूस_काका

लिब्रे ऑफिस टाका आणि गप्प बसा. फुकट आहे, दर्जेदार आहे, २०१० पासून चालू आहे, मेनू मराठीतूनही दिसतात. दरमहा भाडं भरून पत्र टाईप करायचं हे आमच्या पिढीला कधी कळणार नाही. मेलसाठी डोमेनवाल्याकडून साधं होस्टिंग घ्या.

आकडेमोड

काका, तुमच्या पत्राला लिब्रे चालेल, त्यांच्या अकाउंट्सला चालेल का ते आधी बघू.

मी सीए आहे, त्यामुळे एका अंगानेच बोलतो. जीएसटीआर-९ ची (जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची) ऑफलाइन युटिलिटी ही मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, असलेली एक्सेल फाईल आहे. आयकराच्या एक्सेल युटिलिटीचंही तेच. ती मायक्रोसॉफ्टच्या, संगणकावर बसवलेल्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालू करूनच चालते. लिब्रेमध्ये उघडेल, बटण दाबलं की ढिम्म. गूगल शीट्समध्येही नाही. आणि हे बरेच जण विसरतात की मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येसुद्धा मॅक्रो चालत नाहीत! फाईल उघडते, आकडे बदलता येतात, मॅक्रो मात्र पळत नाही.

म्हणजे "मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलं" एवढ्याने काम होत नाही. बिझनेस बेसिक घेतलं तर त्यात फक्त वेब आणि मोबाइल आवृत्ती मिळते. मार्चअखेरीस मॅडम तुमच्या नावाने खडे फोडतील.

शिरोलीकर, प्रश्न असा: नऊ जणांपैकी किती जणांना खरंच बसवलेलं एक्सेल लागतं? जिना चढून वर जा आणि प्रत्येकाच्या खुर्चीमागे अर्धा तास उभे राहा. प्लॅन त्यानंतर निवडा.

शिरोलीकर

आकडेमोड, धन्यवाद. मॅडमकडे टॅलीतून काढलेला डेटा घेऊन देणी-घेणी किती दिवस थकली आहेत त्यानुसार लावणारी एक फाईल आहे, तीही मॅक्रोवालीच. आधीच्या अकाउंटंटने केलेली. आत काय आहे कुणालाच माहीत नाही, पण ती बंद पडली तर पेमेंट बंद पडतं.

खुर्चीमागे उभा राहीन, पण स्टोअरवाल्याच्या मागे उभं राहायचं काम नाही. तो सगळं फोनवरच करतो.

मेघराजा

पोट भरायला हेच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

विक्रेत्याने सगळ्यांना स्टँडर्ड लावलंय, तिथेच गोम आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये एकाच कंपनीच्या खात्यात वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे प्लॅन देता येतात. लायसन्स माणसाला चिकटतं, ऑफिसला नाही. लहान धंद्यांसाठी ३०० माणसांपर्यंतचे चार प्लॅन आहेत:

बेसिक म्हणजे डोमेनचा मेल, टीम्स (मीटिंग आणि चॅट), माणशी १ टीबी वनड्राइव्ह (फायली ठेवायची ऑनलाइन जागा), आणि वर्ड-एक्सेल फक्त ब्राउझर व मोबाइलवर. स्टँडर्ड म्हणजे हे सगळं आणि वर बसवायचे प्रोग्राम, एका माणसाला पाच संगणकांवर. प्रीमियममध्ये सुरक्षेचं आणि उपकरणांवर ताबा ठेवण्याचं सामान येतं, म्हणजे कुणाचा लॅपटॉप चोरीला गेला तर इथे बसून आतला कंपनीचा डेटा पुसता येतो. चौथा अ‍ॅप्स फॉर बिझनेस, यात प्रोग्राम आणि वनड्राइव्ह आहे पण मेल नाही. घाईत नाव वाचून हा घेणारे मी पाहिलेत. मग फोन येतो, "मेल कुठाय?"

बेसिक आणि स्टँडर्डच्या दरात आपल्याकडे मोठी दरी आहे. म्हणून तिघांना स्टँडर्ड आणि सहांना बेसिक असं केलंत तरी कोटेशन कुठल्या कुठे उतरेल.

दुसरी गोष्ट, जी विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. इन्फो, सेल्स, अकाउंट्स असे पत्ते लागतील ना? त्यांना वेगळं लायसन्स घेऊ नका. शेअर्ड मेलबॉक्स करा. ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही, आणि दोघं-तिघं आपापल्या खात्यातून तो उघडू शकतात. माणूस सोडून गेला तर त्याचाही मेलबॉक्स शेअर्ड करून ठेवायचा आणि लायसन्स नव्या माणसाला द्यायचं. फक्त क्रम पाळा: आधी शेअर्ड करा, मग लायसन्स काढा. नुसतं खातं उडवलंत तर ३० दिवसांत मेल गेला, आणि मग तुम्हीच सांगा गिऱ्हाइकाला की डेबिट नोटवरचं ते पत्र हरवलं.

तिसरं, डेटा कुठे राहतो असं कुणीतरी विचारणारच, म्हणून: मायक्रोसॉफ्टची भारतातली डेटा सेंटर २०१५ पासून आहेत, त्यातलं एक पुण्यात.

पुणेरी_टोला

म्हणजे दुपारी एक ते चार मेल येणार नाहीत तर.

ताकभात

हा विनोद येणार हे ठाऊक होतं, फक्त कितव्या प्रतिसादाला एवढाच सस्पेन्स होता.

उंटावरची_शहाणी

मी विरुद्ध बाजूने. नाशकात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे आणि आम्ही जुन्या जी सूटच्या दिवसांपासून गूगलवर आहोत (२०२० मध्ये त्याचंच वर्कस्पेस झालं). साइटवरचा माणूस, मी आणि क्लायंट एकाच शीटमध्ये एकाच वेळी आकडे भरतो. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं फायनल" या नावांच्या फायली आमच्याकडे नामशेष झाल्यात. नवीन मुलगी आली तर शिकवावं लागत नाही, जीमेल सगळ्यांना येतं.

पण प्लॅन निवडताना एक बघा. स्टार्टरमध्ये माणशी ३० जीबी, स्टँडर्डमध्ये २ टीबी, आणि ही जागा सगळ्यांची मिळून एकत्र मोजतात. जागेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे शेअर्ड ड्राइव्ह स्टार्टरमध्ये नाही. म्हणजे फाईल ज्याने केली त्याच्या मालकीची. तो सोडून गेला की आधी त्याच्या फायली दुसऱ्याच्या नावावर करायच्या आणि मगच खातं बंद करायचं. स्टँडर्डमध्ये शेअर्ड ड्राइव्ह मिळतो, तिथली फाईल कंपनीची, माणूस कुणी का असेना. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंट (कंपनीच्या सामायिक फायलींची जागा) बेसिकपासूनच आहे हे मान्य करते, जरी ते वापरणं म्हणजे सरकारी कचेरीत टेबल शोधण्यासारखं असलं तरी.

इन्फो-सेल्सचे पत्ते गूगलमध्येही फुकट होतात. एका माणसाला ३० पर्यंत उपनावं (त्याच मेलबॉक्सचे जादा पत्ते) देता येतात, किंवा ग्रुप करून टाकायचा.

फिक्स्चर

@उंटावरची_शहाणी, आर्किटेक्टचं ठीक आहे हो. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सवाल्याकडे क्वालिटीत आहे. आमची गिऱ्हाइकं कंट्रोल प्लॅन, पीपॅप (पार्ट मंजूर करून घेण्याचा कागदांचा संच), इन्स्पेक्शन रिपोर्ट यांचे साचे स्वतःचे एक्सेलमध्ये पाठवतात. त्यात जोडलेले रकाने, मधेच चिकटवलेली ड्रॉइंग, तीस पानांची प्रिंट सेटिंग. गूगल शीट्समध्ये उघडून भरलं आणि परत एक्सेल करून पाठवलं की तिकडे पान फाटतं. रकाना सरकतो, ड्रॉइंग आकड्यांवर जाऊन बसतं. मग समोरच्याचा इंजिनीअर "फॉरमॅट बदलला" म्हणून अख्खा सेट परत पाठवतो. माल चांगला, कागद नापास.

शिरोलीकर, तुमच्या क्वालिटीच्या दोघांना बसवलेलं एक्सेल द्या. यात काटकसर नको.

उंटावरची_शहाणी

@फिक्स्चर, मुद्दा पटला. आमच्याकडे बाहेरून एक्सेल येतं, पण परत त्याच साच्यात द्यावं लागत नाही.

स्वदेशी_सदू

झोहोबद्दल कुणी बोलतच नाहीये. चेन्नईची कंपनी, १९९६ पासून आहे, गल्लीबोळातलं स्टार्टअप नव्हे. २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना झोहोचं ऑफिस वापरायला सांगितलं, केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीरपणे झोहो धरलं, ऑक्टोबरमध्ये अमित शहांनी मेल तिकडे नेला. आता तरी डोळे उघडा.

खडूस_काका

मंत्र्यांनी नेला म्हणून मी का नेऊ? मंत्री जीएसटीआर-९ स्वतः भरतात का?

स्वदेशी_सदू

काका, तुमच्यासारख्या लोकांमुळेच...

नाना_फडफडणीस

झालं, धाग्याला खो बसणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

व्यवस्थापक

राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे प्लॅनबद्दलच लिहावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

रानजाई

राजकारण बाजूला ठेवून झोहोचा अनुभव. सावंतवाडीत माझं काजू आणि कोकम प्रक्रियेचं छोटं युनिट आहे, चार माणसं. झोहो मेलचा एक मोफत प्लॅन आहे, स्वतःचं डोमेन जोडून पाच जणांपर्यंत, माणशी ५ जीबी. ब्राउझर आणि त्यांचं मोबाइल अ‍ॅप यातूनच बघायचा, आउटलुक वगैरेला जोडता येत नाही. आम्हाला जोडायचंही नाही. ऑर्डर येतात, बिल जातं, संपलं. कोटेशन लेटरहेडवर करायचं ते त्यांच्या रायटरमध्ये (झोहोचं वर्ड म्हणा) करते.

नऊ जणांना तो पुरणार नाही, पैसे भरून पुढचा घ्यावा लागेल, पण नुसता मेलच हवा असेल तर त्यांचा मेलपुरता प्लॅन बऱ्यापैकी स्वस्त पडतो. धाग्यातले सगळे चाकण-शिरोलीचे आहेत म्हणून लिहिलं. सगळ्यांनाच तीस पानांचं एक्सेल लागत नाही.

मेघराजा

रानजाई, +१. आणि यातूनच शिरोलीकरांसाठी तिसरी वाट निघते. मेल एकाकडून, एक्सेल दुसऱ्याकडून. सगळ्यांचा मेल झोहो किंवा गूगल स्टार्टरवर ठेवा, आणि ज्या तिघा-चौघांना बसवलेलं एक्सेल लागतं त्यांच्यासाठी ऑफिस होम अँड बिझनेस २०२४ एकरकमी विकत घ्या. एका लायसन्सला एक संगणक, वर्षाचं भाडं नाही, ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट. तोटा असा की दोन कंपन्यांशी गाठ, आणि संगणक बिघडला तर लायसन्स हलवायची खटपट.

जाता जाता: तुमच्या त्या तीन मशीनवरचं ऑफिस २०१६. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज १० चाही त्याच दिवशी. चालतंय म्हणून चालवू नका. बाहेरून आलेली एक्सेल रोज उघडणाऱ्या मशीनवर तर नाहीच.

बोरू

माझा प्रश्न कुणीच विचारत नाहीये. मराठीचं काय?

आमच्या पतसंस्थेतली सगळी जुनी पत्रं, ठराव, अहवाल श्रीलिपीत आहेत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये. गूगल डॉक्समध्ये टाकलं की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, कारण तिथे आपल्या संगणकावरचा फॉन्ट घालताच येत नाही. नवीन युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर, फोनवर सारखं दिसणाऱ्या पद्धतीत) लिहिलेलं झकास दिसतं, मुक्ता, बलू, तिरो असे चांगले फॉन्टही तिथे आहेत. पण वीस वर्षांच्या इतिवृत्ताचं काय करायचं? आधी सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान रोज लागणारे साचे तरी. ते होईपर्यंत एका मशीनवर बसवलेला वर्ड आणि जुना फॉन्ट राहू द्या.

शिरोलीकर

बोरू, आमच्याकडे कामगारांच्या नोटिसा आणि ग्रामपंचायतीची पत्रं अशीच आहेत. ही गोष्ट डोक्यातच नव्हती.

मेलबर्नची_मावशी

अरे, एक भाबडा प्रश्न. आम्ही घरी मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली वापरतो. सहा जण, प्रत्येकाला १ टीबी, साताऱ्याला आईबाबांनाही त्यातच घेतलंय, बाबांचे सगळे फोटो आपोआप चढतात. दोन फॅमिली घेतल्या तर बारा जण झाले. स्वस्तात काम झालं की!

आकडेमोड

मावशी, पर्सनल आणि फॅमिली घरगुती वापरासाठी आहेत, धंद्यासाठी नाहीत. त्यात कंपनीचं डोमेन, सगळ्यांवर ताबा असलेलं अ‍ॅडमिन खातं, यातलं काही नाही. फाईल ज्याच्या वैयक्तिक खात्यात, त्याचीच. स्टोअरवाल्याने नोकरी सोडली की फायलीही त्याच्या बरोबर गेल्या.

मेलबर्नची_मावशी

बरं बरं, नाही सुचवत :-) पण घरी वापरणाऱ्यांसाठी एक सांगते. जानेवारी २०२५ मध्ये या घरगुती प्लॅनमध्ये कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) घुसवला आणि दर वाढवले. कोपायलट नको असलेल्यांसाठी जुन्या दराचा क्लासिक प्लॅन होता, पण तो वर्गणी रद्द करायला निघालं की मगच दिसायचा. इकडे ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावरून थेट कोर्टात खेचलं. मग कंपनीने माफी मागितली, परतावाही देऊ केला. तेव्हापासून मी कुठलंही नूतनीकरण करण्याआधी "रद्द करा" वर एकदा टिचकी मारून बघते, काय काय बाहेर पडतं ते.

नाना_फडफडणीस

मावशी, ही युक्ती आमच्याकडे साड्यांच्या दुकानात जुनीच आहे. उठून दाराकडे चालू लागायचं.

उंटावरची_शहाणी

एआयचं निघालंच आहे तर, गूगलनेही त्याच महिन्यात जेमिनी (त्यांचा एआय) वर्कस्पेसच्या प्लॅनमध्येच बांधला आणि दर वाढवले. नको म्हणून जुन्या दरात राहायची सोयच नाही. आमच्या ऑफिसात तो लांबलचक मेलचा सारांश करायला वापरतात. ते लांबलचक मेलही बहुधा त्यानेच लिहिलेले असतात.

झटपट_बंड्या

कशाला एवढी डोकेफोड? ऑनलाइन "लाइफटाइम ऑफिस" ची की मिळते पाच-सहाशे रुपयांत. मी तीन घेतल्या, चालतायत.

मेघराजा

बंड्या, आज चालतायत. त्या बहुतेक कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक लायसन्समधून फुटलेल्या असतात, आणि ते लक्षात आलं की एके सकाळी वर लाल पट्टी येते. घरी असेल तर तुझं तू बघ. पण शिरोलीकरांचं गिऱ्हाईक उद्या व्हेंडर ऑडिटला आलं आणि लायसन्सची बिलं मागितली तर की विकणाऱ्याचा चॅट दाखवणार का?

वाऱ्यावरची_वही

करारातल्या बारीक अक्षरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या क्लासला एका स्थानिक विक्रेत्याने वर्षाचा प्लॅन दिला, नेमके जूनमध्ये शिक्षक भरती जोरात म्हणून जास्तीच्या जागा घेतल्या. दिवाळीनंतर तिघं गेले. जागा कमी करा म्हटलं तर म्हणाले वर्ष संपेपर्यंत होत नाही. आम्ही भांडलो, पण नियम खरंच तसा आहे. मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक करारात पहिल्या सात दिवसांत रद्द किंवा कमी करता येतं, नंतर जागा वाढवता येतात, कमी नाही. कमी करायच्या तर नूतनीकरणाच्या वेळी. महिन्याच्या बोलीवर घेतलं तर दर महिन्याला मोकळीक असते, पण दर साधारण वीस टक्के चढा. गूगलकडेही वार्षिक आणि लवचिक अशा दोन तऱ्हा आहेतच.

म्हणून आता आम्ही पक्क्या लोकांची संख्या वार्षिक करारात आणि हंगामी लोक महिन्याच्या बोलीवर, अशी विभागणी केलीय. विक्रेत्याने नियम आधी सांगितला असता तर भांडण वाचलं असतं. शिवाय अ‍ॅडमिनचं खातं त्याने स्वतःच्याच मेलवर उघडलं होतं. ते सोडवून घ्यायला जो त्रास झाला तो वेगळ्या धाग्याचा विषय. अ‍ॅडमिन खातं मालकाच्या हातात, पासवर्ड मालकाकडे, मोबाइलवर येणारा ओटीपी मालकाच्या फोनवर. विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

आकडेमोड

वहीताई, अगदी. पैशांचं आणखी थोडं:

बिलिंगमध्ये जीएसटी नंबर पहिल्याच दिवशी टाका. १८ टक्के जीएसटी लागतो, नंबर बिलावर असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, नसेल तर तेवढा खर्च अंगावर. नंतर जुनं बिल बदलून मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

कार्डवर आपोआप पैसे कापायची सोय ठेवणार असाल तर रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा: १५,००० रुपयांवरची वसुली ओटीपीशिवाय होत नाही. नऊ जणांचं वर्षाचं बिल त्याच्यावरच जाईल. तारीख येते, कापायचा प्रयत्न होतो, पैसे जात नाहीत, आणि सूचनेचा मेल कुणीच न उघडणाऱ्या खात्यात पडून राहतो. कॅलेंडरवर खूण करून हाताने भरा.

आणि तुमचं युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम २०२२ पासून आहे. टॅलीचा बॅकअप कुठे जातो ते तुमच्या सीएला विचारा.

फिक्स्चर

बॅकअपवरून: वनड्राइव्हमध्ये आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. संगणकावर फाईल उडवली की तिकडेही उडते. कंपनीच्या वनड्राइव्हच्या कचरापेटीत ९३ दिवस सापडते, गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस. आमच्याकडे एकाने जागा करायची म्हणून जुन्या पार्टची ड्रॉइंग उडवली, आणि तो पार्ट गिऱ्हाइकाने सहा महिन्यांनी परत मागवला. तेव्हापासून महिन्याला एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कपाटात.

पुणेरी_टोला

आणि नेट गेलं तर? एमआयडीसीत पहिल्या वळवाला फायबर तुटतं.

मेघराजा

बसवलेले प्रोग्राम नेटशिवाय चालतात, लायसन्स तपासायला ३० दिवसांतून एकदा नेट मिळालं की झालं. गूगल डॉक्स क्रोममध्ये ऑफलाइन चालतं, पण ती सोय नेट असताना आधी चालू करून ठेवावी लागते. नुसत्या वेबवाल्या बेसिकची मंडळी मात्र नेट जाताच चहाला.

शिरोलीकर

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, इन्स्पेक्शन होतं.

आकडेमोड म्हणाले तसं खरंच खुर्च्यांमागे उभा राहिलो. मॅडमना बसवलेलं एक्सेल पाहिजेच. त्यांची मदतनीस व्हाउचरची नोंद टॅलीत करते, एक्सेल फक्त बघते. क्वालिटीच्या दोघांना पाहिजे, आणि फिक्स्चर म्हणाले तो प्रकार मी स्वतः पाहिला, गिऱ्हाइकाच्या साच्यात ड्रॉइंग चिकटवताना. परचेसवाला दिवसभर मेल आणि दरांचा तक्ता, त्याला ब्राउझर चालेल. स्टोअर आणि डिस्पॅच फोनवर. भाऊ फक्त पीडीएफ उघडतो. मी कोटेशन करतो, ते वर्डमध्ये करायची सवय आहे, पण वेबवर जमतंय असं दिसतंय.

तर तिघांना स्टँडर्ड, सहांना बेसिक. इन्फो आणि अकाउंट्स शेअर्ड मेलबॉक्स. विक्रेत्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, असं मिक्स कुणी घेत नाही." मी म्हटलं, मग आम्ही पहिले.

सगळं मायक्रोसॉफ्टच घेतोय कारण दोन कंपन्यांचं लफडं आम्हाला झेपणारं नाही, ऑफिसात आयटीवाला कुणी नाही. श्रीलिपीच्या नोटिसा मॅडमच्या मशीनवर राहतील. भाऊ अजून ग्राइंडरबद्दलच बोलतोय.

एक अडचण राहिलीय. डोमेनच्या लॉगिनची विचारणा केली तर ते वेबसाइटवाल्या पोराच्या नावावर आहे असं कळलं. तो आता बेंगळुरूला असतो.

वाऱ्यावरची_वही

अरे देवा. तेच आधी. प्लॅनचे पैसे त्यानंतर भरा.

मेघराजा

पोरगा भला असेल तर सोपं आहे. त्याच्याकडून डोमेनचा ट्रान्स्फर कोड घ्या, तुमच्या नावाने खातं उघडून डोमेन तिकडे ओढून घ्या. नोंदणीत मालक म्हणून कंपनीचं नाव आणि तुमचा असा मेल टाका जो या डोमेनवरचा नाही, नाहीतर डोमेन बंद पडलं की सूचनाही त्याच बंद डोमेनवर येईल. मुदत कधी संपते तेही लगेच बघा.

ते झालं की मेलची दिशा बदलायचं काम शनिवारी संध्याकाळी करा. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारी नोंद) फिरल्यावर काही तास थोडे मेल इकडे, थोडे तिकडे असं होतं. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या) विक्रेत्याकडून घालून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत कडक धोरण ठेवलंय, नोंदी नसतील तर तुमचं पहिलंच कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. जुनी जीमेल खाती बंद करू नका, नव्या पत्त्याकडे वळवून ठेवा. निम्मे सप्लायर वर्षभर जुन्याच पत्त्यावर पाठवत राहणार.

शिरोलीकर

पोराशी बोललो. भला आहे. कोड पाठवतो म्हणाला, वर विचारलं, "काका, साइट आवडली होती का?" पाच वर्षांत एकदाही उघडली नाही हे काही सांगितलं नाही.

गुरुजी_निपाणीचे

उशिरा आलो, क्षमस्व. धागा वाखूसा (वाचनखूण साठवून) केला आहे. आमची अनुदानित शाळा आहे, चाळीसेक शिक्षक. आम्हाला यातलं काय घ्यावं?

उंटावरची_शहाणी

गुरुजी, शाळेने यातलं काहीच विकत घेऊ नका. मान्यताप्राप्त शाळांना गूगलचं एज्युकेशन फंडामेंटल्स मोफत आहे, शाळेला मिळून १०० टीबी जागा. मायक्रोसॉफ्टचा ए१ प्लॅनही मोफत, त्यात वेबवरचं ऑफिस येतं. शाळेचं डोमेन आणि मान्यतेचे कागद तयार ठेवा, पडताळणीला लागतात. तपशिलासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.